कोंबडा काढलेलं अंडं

झेनोबियाने टोपलीवरचा रुमाल तिसऱ्यांदा सारखा केला आणि तिसऱ्यांदा त्याच सूचना दिल्या.

“टोपली सरळ धर. रस्त्यात कुणाशी गप्पा छाटत उभा राहू नकोस. आणि चर्चमध्ये लोजाच्या टेबलाकडे फिरकायचंसुद्धा नाही. तिला ते अंडं आज दिसता कामा नये. कळलं?”

“कळलं,” गेर्वाझी म्हणाला.

“काय कळलं?”

“टोपली सरळ धरायची.”

“आणि?”

“आणि मी गाढव आहे.”

“ते जुनं झालं. नवीन काय सांगितलं ते सांग.”

गेर्वाझीने सगळं पाठ म्हणून दाखवलं तेव्हा कुठे त्याला टोपी मिळाली. पस्तीस वर्षं त्याने विस्तुला नदीवर टग बोटी चालवल्या होत्या. वाळूने भरलेले तराफे पुरातून सुखरूप काठाला लावले होते. पण बायकोच्या लेखी चार गल्ल्या ओलांडून एक टोपली चर्चमध्ये नेणं हे त्याच्या आवाक्याबाहेरचं काम होतं. आणि खरं सांगायचं तर बाईचं फारसं चुकत नव्हतं.

ईस्टरच्या आदल्या दिवशीचा शनिवार होता. या दिवशी गावातल्या प्रत्येक घरातून एक टोपली निघते. उकडलेली अंडी, सॉसेजचा तुकडा, पाव, मीठ, लोण्याचं कोकरू, गोड केक, सगळं थोडं थोडं. वर पांढरा विणलेला रुमाल, मुठीला हिरवी डहाळी. फादर पवित्र पाणी शिंपडतात, टोपली घरी येते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तिला कुणी बोटसुद्धा लावत नाही. सकाळी न्याहारीच्या आधी त्यातलं अंडं कापून घरातल्या सगळ्यांनी एकेक फोड खायची, एकमेकांचं भलं चिंतायचं. त्या वेळी कितीही जुना राग असला तरी समोरच्याने दिलेली फोड नाकारता येत नाही. झेनोबियाची सगळी भिस्त याच रिवाजावर होती.

कारण उद्या न्याहारीला लोजा येणार होती. म्हणजे तिची सख्खी धाकटी बहीण लेओकादिया, जी तीन वर्षं तिच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. “येतेस का” म्हणून गेर्वाझीने चिठ्ठी नेऊन दिली तेव्हा ती “बघू” म्हणाली होती. तीन वर्षांत पहिल्यांदा “नाही” सोडून दुसरं काही म्हणाली, म्हणून झेनोबियाने त्याचा अर्थ “हो” असा लावला होता.

भांडण झालं होतं ख्शानवरून. ख्शान म्हणजे तो पांढरा झणझणीत कंद. किसायला घेतला की शेजारच्या घरातली माणसंसुद्धा रडतात. ईस्टरच्या पानात तो नसला तर न्याहारी झाली असं कुणी मानत नाही. तीन वर्षांपूर्वी लोजाने एक चमचा जिभेवर ठेवला आणि भरल्या पंगतीत म्हणाली, “झेन्या, हे बरणीतलं आहे गं. दुकानातलं.” झेनोबिया भडकली. आईच्या वेळेपासून या घरात बरणी आली नाही, म्हणाली. ज्यांच्या जिभेला चव नाही त्यांनी दुसऱ्यांच्या घरी जेवू नये, म्हणाली. लोजा कोट घालून निघून गेली. ती गेलीच.

आता यातली गंमत अशी, की ते बरणीतलंच होतं. ख्शान किसायचं काम त्या घरात गेर्वाझीचं. त्या वर्षी त्याने बाल्कनीत बसून दोन इंच कंद किसला, नाक-डोळे पुसले, उरलेला कंद कोटाखाली लपवून नदीत टाकला आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून एक बरणी आणून वाडग्यात ओतली. दोघी बहिणी एकमेकींवर तुटून पडल्या तेव्हाच बोलायला हवं होतं. तेव्हा धीर झाला नाही, आणि नंतर तर दर महिन्याला ते सांगणं आणखी अवघड होत गेलं. या वर्षी मात्र त्याने पापक्षालन म्हणून अख्खा कंद, कडेपर्यंत, स्वतःच्या हाताने किसला होता. त्यातलं वाटीभर टोपलीत ठेवलं होतं, बाकीचं उद्यासाठी वाडग्यात. त्याचे डोळे अजून लाल होते.

आणि झेनोबियाने अंडं केलं होतं. चार दुपारी खिडकीशी बसून कांद्याच्या सालीत रंगवलेल्या अंड्यावर सुईने कोरलेलं. त्यावर एक भलामोठा कोंबडा आणि त्याच्यापुढे पळणाऱ्या दोन झिपऱ्या पोरी. आजीचा तो कोंबडा लहानपणी दोघींना अंगणभर पळवायचा. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं : ‘लोजा, माझं चुकलं.’ हे शब्द तोंडाने म्हणणं झेनोबियाला जन्मात जमलं नव्हतं. सुईने जमले.

गेर्वाझी टोपली सरळ धरून निघाला.

गावाचं मोठं चर्च सगळं लाल विटांचं. गावात सगळे त्याला ‘तांबडी’ म्हणतात. तांबडीला जाऊन येतो, तांबडीपाशी भेटू. सातशे वर्षांच्या त्या विटांत कुठे कुठे कुत्र्यामांजरांच्या पावलांचे ठसे आहेत. ओल्या विटा वाळत घातल्या असतील आणि जनावरं त्यांवरून गेली असतील. गेर्वाझी लहानपणी ते ठसे मोजायचा. मनोऱ्यावर मात्र तो कधी चढला नव्हता. आपल्याच गावच्या मनोऱ्यावर तिकीट काढून चढणं हा पाहुण्यांचा उद्योग आहे, असं गावातल्या प्रत्येकाचं ठाम मत होतं. आणि ती तिकिटं फाडायला मनोऱ्याच्या दाराशी टेबल टाकून बसायची कोण, तर लोजा.

त्याने लोजाकडे पाठ ठेवून लांबलचक टेबलावर टोपली ठेवली. टोपल्यांची रांगच लागली होती. शेजारी आपोलोनिया आजी उभ्या होत्या, ब्याऐंशी वर्षांच्या, दरवर्षी सगळ्यांत पहिल्या येणाऱ्या.

“गेर्वाझी, डोळे का रे लाल? रडलास?”

“ख्शान किसलं, आजी.”

“बायकोने मारलंन असं सांगितलंस तरी चालेल, मी कुणाला सांगायची नाही. बरं, ते बघ तिकडे. पाहुणे आलेत वाटतं.”

हॉलंडचं एक उंचंपुरं जोडपं चर्च बघायला आत आलं होतं. सायकलवर फिरणारी माणसं. डोक्यावर हेल्मेट, हातात सायकलची वेताची टोपली. त्यांनी माना वर करून कमानी पाहिल्या, मग समोर पाहिलं. सगळे लोक टोपली टेबलावर ठेवून मागे हात बांधून उभे. माणसं सभ्य होती. त्यांनीही आपली टोपली टेबलावर ठेवली आणि हात बांधून उभी राहिली.

“अगं बाई, उघडीच टोपली!” आजींचा जीव कळवळला. “आणि आत काय, केळी? देवा रे, बिचाऱ्यांना कुणी सांगितलंच नाही.” आजींकडे दरवर्षी एक जादा रुमाल आणि एक जादा डहाळी असते. कुणाची तरी वाऱ्याने उडतेच. त्यांनी केळ्यांवर पांढरा रुमाल पसरला, मुठीला डहाळी खोचली आणि त्या डचबाईचा गाल थोपटला. बाईला भरून आलं.

फादर आले, कुंचल्याने सपासप पाणी मारत टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. अंड्यांना मिळालं तेवढंच केळ्यांनाही मिळालं. मग एकच गर्दी उसळली. तेवढ्यात बोटीवरचा जुना सोबती भेटला, गेर्वाझीने त्याच्याशी ‘एकच मिनिट’ गप्पा मारल्या, आणि मागे हात घालून पांढऱ्या रुमालाची, हिरव्या डहाळीची, वेताची एक टोपली उचलली. घरी आणली. आणि अगदी सरळ धरून आणली.

झेनोबियाने रुमाल उचलला.

तिने रुमाल पुन्हा टाकला आणि पुन्हा उचलून पाहिलं. गेर्वाझीला ते लक्षण बरं वाटलं नाही.

“गेर्वाझी,” ती अगदी शांतपणे म्हणाली, “हे काय आहे?”

“केळी,” गेर्वाझी म्हणाला. मग आणखी वाकून, “चीज घातलेला पाव. थर्मास. नकाशा. आणि हे सायकलच्या ट्यूबचं पंक्चर काढायचं सामान.”

“आणि अंडं?”

“अंडं दिसत नाही.”

“उद्या लोजा येईल. तिच्या हातात काय देऊ? पंक्चर काढायचं?”

“पण आशीर्वाद दिलेलं आहे, झेन्या. फादरनी स्वतः…”

“आत्ताच्या आत्ता जा! अंडं घेऊन ये. बाकी काही नसलं तरी चालेल, पण अंडं आण. नाहीतर तूही येऊ नकोस!”

तो जिना उतरेपर्यंत ती ओरडत होती; आणि शेवटी आवाज फुटला तो रडका फुटला. गेर्वाझी केळ्यांची टोपली घेऊन धावत सुटला. ओरडणारी झेनोबिया त्याला सवयीची होती. रडणारी नव्हती.

चर्चमध्ये टेबलावर पुढच्या खेपेच्या टोपल्या आल्या होत्या. डच जोडप्याचा पत्ता नव्हता. एकच माणूस सांगू शकलं असतं, आणि ते मनोऱ्याच्या दाराशी तिकिटांचा गठ्ठा घेऊन चष्म्यावरून त्याच्याकडेच बघत होतं.

“नमस्कार, लोजा,” गेर्वाझी म्हणाला.

“आज सूर्य कुठे उगवला? तीन वर्षांत दोनदा बोललास. एकदा चिठ्ठी द्यायला आणि एकदा आज.”

“ते सायकलवाले… टोपली घेऊन… इकडे दिसले का?”

“वर गेलेत. का रे?”

“काही नाही. सहज. त्यांची ओळख आहे.”

“तुझी? हॉलंडात?” तिने त्याच्या हातातल्या टोपलीकडे पाहिलं. थर्मासचं झाकण रुमालाखालून डोकावत होतं. “तिकीट काढ मग. बारा झ्लोटी.”

“लोजा, मी या गावचा आहे!”

“गावचे कुणी वर जात नाहीत. जातो म्हणजे पाहुणाच. बारा.”

साठी उलटलेल्या गेर्वाझीने आयुष्यातलं पहिलं तिकीट काढलं आणि केळी घेऊन चढायला लागला. दोनशे एक्केचाळीस पायऱ्या. जिना इतका अरुंद की समोरून उतरणारं कुणी आलं की एकाला भिंतीत शिरावं लागे. साठाव्या पायरीशी त्याने दम खाल्ला. शंभराव्या पायरीशी थर्मासमधली थोडी कॉफी प्याला आणि मनातल्या मनात माफी मागितली. दीडशेच्या वर त्याला एका विटेत कुत्र्याचं पाऊल दिसलं. ‘हाही इथपर्यंत चढला होता म्हणजे,’ असं मनाशी म्हणत तो पुढे निघाला.

वर ऊन होतं, वारा होता, खाली लाल कौलं आणि पलीकडे नदी. एरवी त्याने नदीकडे पाहिलं असतं. आता त्याने रुमालाकडे पाहिलं. डच जोडप्याने झेनोबियाच्या आईचा विणलेला रुमाल दगडी कठड्यावर अंथरला होता आणि शनिवारी, भर शनिवारी, उद्याची न्याहारी आजच उरकली होती. लोण्याच्या कोकराला डोकं उरलं नव्हतं. सॉसेजची साल तेवढी होती. केकचा शेवटचा तुकडा बाईच्या हातात होता. आणि गृहस्थ ढसाढसा रडत होते.

क्षणभर गेर्वाझीला वाटलं, यांनाही पश्चात्ताप झाला. मग त्याला उघडी वाटी आणि तीत रुतलेला चमचा दिसला. दही समजून भल्या माणसाने चमचाभर ख्शान तोंडात टाकलं होतं. गेर्वाझीने घाईने केळं सोलून त्याच्या तोंडात दिलं. आशीर्वाद दिलेलं केळं होतं, लागू पडलं.

मग टोपल्यांचा उलगडा झाला. बोटीवर शिकलेल्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये गेर्वाझीने सांगितलं, हातवाऱ्यांनी उरलेलं सांगितलं, आणि डचबाईचे दोन्ही हात तोंडावर गेले. तिला वाटलं होतं, गावाचाच रिवाज आहे. देवळात टोपली ठेवायची, प्रेमाने भरलेली परत मिळायची. ती सकाळपासून नवऱ्याला सांगत होती म्हणे, अशी माणसं कुठे पाहिली नाहीत. तिला काय बोलणार?

“अंडं,” गेर्वाझी म्हणाला. त्याने हवेत अंडं काढलं. अंड्यावर कोंबडा काढला. नंतर कमरेवर हात ठेवून स्वतःच कोंबडा झाला आणि आरवला.

डचबाईचा चेहरा खुलला. तिला कळलं होतं! तिने जोरजोराने मान हलवली, रिकामी ओंजळ दाखवली, आणि कठड्यावरून वाकून थेट खाली, चर्चच्या दाराकडे बोट दाखवलं.

गेर्वाझी कठड्याशी गेला. त्याने खाली पाहिलं. पायाखालच्या दोनशे एक्केचाळीस पायऱ्या एकदम त्याच्या लक्षात आल्या.

“पडलं?” तो पुटपुटला.

ती हसून पुन्हा खाली बोट दाखवत राहिली.

तो उतरला कसा ते त्याचं त्याला माहीत. रुमाल, वाटी आणि रिकामी टोपली घेऊन तो बाहेर आला आणि मनोऱ्याच्या पायथ्याशी फरसबंदीवर गुडघे टेकून शोधायला लागला. कोंबड्याचा एखादा तुरा, पोरीची एखादी झिपरी, एवढं टरफल सापडलं तरी झेनोबियाला दाखवता आलं असतं. टोपल्या घेतलेली माणसं त्याला वळसा घालून जात होती. आपोलोनिया आजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “प्रार्थना आतसुद्धा करता येते रे बाळा.”

“काय शोधतोयस?” वरून आवाज आला. लोजा दारात उभी होती, हात कोटाच्या खिशात.

“बटण.”

“कोटाची तर सगळी आहेत.”

“शर्टाचं.”

“कसलं आहे? पांढरं?”

“तपकिरी,” गेर्वाझी म्हणाला. मान वर केली नाही.

“बरं. शोध,” लोजा म्हणाली, आणि चांगली पंधरा मिनिटं तिथेच उभी राहून बघत राहिली. मग जाता जाता म्हणाली, “सापडलं नाही तर उद्या उजेडात बघ.” गेर्वाझीला तो टोमणा वाटला. टळटळीत दुपार होती.

घरी त्याने खरं ते सांगितलं : अंडं मनोऱ्यावरून पडलं. झेनोबिया ओरडली नाही. खुर्चीत बसली आणि एप्रनची नाडी बोटाला गुंडाळत राहिली.

“दुसरं करू,” गेर्वाझी म्हणाला. “साधं. नुसती अक्षरं.”

“कोरून होईपर्यंत फादर पाणी मारून मोकळे होतील. आणि आशीर्वादाशिवायचं अंडं तिच्यापुढे ठेवू? नको.” तिने मोठा श्वास घेतला. “आता तोंडानेच म्हणावं लागेल.”

त्या दुपारी ती पातेल्यांशी तालीम करत होती. “लोजा, माझं…” आणि गाडी तिथेच अडायची. गेर्वाझी दाराआडून ऐकत होता. तीनदा तो आत शिरला, ‘चूक तुझी नव्हतीच, माझी होती’ असं म्हणायला. एकदा पाणी पिऊन बाहेर आला, एकदा मीठ घेऊन, आणि तिसऱ्यांदा झेनोबियाने त्याला बटाटे सोलायला बसवलं. कधी नाही इतकी त्याला स्वतःची लाज वाटली.

ईस्टरच्या सकाळी घंटा वाजल्या. न्याहारी मांडून झाली. साडेआठ वाजले, नऊ वाजले. “येत नाही ती,” झेनोबिया म्हणाली. “कशाला येईल?” आणि तेवढ्यात दार वाजलं.

लोजा आत आली. कोट काढला नाही. दोघी बहिणी टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. झेनोबियाने एप्रन घट्ट धरला, मान वर केली.

“लोजा,” ती म्हणाली. “माझं… लोजा, माझं चु…”

“राहू दे गं,” लोजा म्हणाली. “वाचलंय मी.”

आणि तिने कोटाच्या खिशातून अंडं काढून टेबलावर ठेवलं. कोंबडा, दोन झिपऱ्या पोरी, खालची अक्षरं, सगळं शाबूत.

“हे… हे तर पडलं होतं!” गेर्वाझी ओरडला.

“पडतंय कशाला! त्या सायकलवाल्यांकडे तिकिटाला सुटे कमी पडले. मी म्हटलं, जाऊ दे, सण आहे. तर त्या बाईने टोपलीतलं सगळ्यांत सुंदर अंडं काढून माझ्या हातात ठेवलं. मी बघते तर काय, आजीचा कोंबडा! हॉलंडच्या बाईला आमचा कोंबडा कुठून माहीत?”

“म्हणजे मी फरशीवर गुडघे फोडत होतो तेव्हा…”

“खिशात होतं,” लोजा म्हणाली. “तीन वर्षं मध्ये पडला नाहीस, म्हटलं, घटकाभर शोधू दे.”

झेनोबिया हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. लोजाने कोट काढला. मग दोघी गळ्यात पडल्या आणि दोघीही एकदम बोलायला लागल्या, तीन वर्षांचं सगळं. अंडं कापायचं म्हटल्यावर कोंबड्यावर सुरी चालवायला दोघीही तयार होईनात, म्हणून गेर्वाझीने ते सोललं, आणि टरफलाचा कोंबडा लोजाने हळूच रुमालात बांधून घेतला. तिघांनी एकेक फोड खाल्ली.

न्याहारीला सुरुवात झाली. लोजाने ख्शानचा वाडगा पुढे ओढला. गेर्वाझीचा घास हातातच राहिला. तिने चमचाभर घेतलं, जिभेवर ठेवलं, डोळे मिटले. डोळ्यांतून पाणी आलं.

“झेन्या,” ती म्हणाली, “रागावणार नाहीस ना?”

“नाही गं. बोल.”

“हे मात्र बरणीतलं आहे. घरच्याला एवढा जाळ नसतो. दुकानवाले काहीतरी घालतात.” तिने बहिणीचा हात धरला. “आणि आता तोंडावर सांगते. त्या वर्षीचं खरंच घरचं होतं. मऊ, गोडसर, अगदी आईच्या हातचं. चूक माझीच होती.”

“मी म्हणत नव्हते?” झेनोबिया म्हणाली. तिचा चेहरा नुसता फुलून आला होता. मग ती हळूच नवऱ्याकडे वळली. “काय रे गेर्वाझी? या वर्षी बरणी आणलीस? खरं सांग.”

गेर्वाझीने आपल्या सोलवटलेल्या बोटांकडे पाहिलं. मग हातात हात घालून बसलेल्या दोघींकडे पाहिलं.

“आणली,” तो म्हणाला.

“वाटलंच मला! आळशी मेला! पुढच्या वर्षी असं चालायचं नाही. त्या वर्षीसारखंच पाहिजे.”

“अगदी त्या वर्षीसारखंच,” लोजा म्हणाली.

गेर्वाझीने छातीवर हात ठेवला आणि पुढच्या वर्षी अगदी त्या वर्षीसारखंच करायचा दोघींना शब्द दिला.